व्हॉल्व्ह बदलताना : वडखळच्या एका ॲम्प्लिफायरचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय काढलंत?" आम्ही म्हटलं, सोडलेलं काही नाही, फक्त रस्ता वडखळ नाक्यावरून घेतलाय. तुम्हाला ठाऊकच आहे, मुंबईहून येणारा रस्ता त्या नाक्यावर फुटतो. एक फाटा अलिबागला जातो, दुसरा नागोठण्यावरून गोव्याकडे. आजच्या विषयालाही असेच दोन फाटे आहेत. एक यंत्राच्या इतिहासाचा, दुसरा 'तेच' आणि 'तसंच' या दोन शब्दांमधल्या फरकाचा. दोन्ही फाटे एकाच पेटीपासून सुटतात, म्हणून आधी पेटीची गोष्ट सांगतो.

२०२२ सालचा पावसाळा होता. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर गणेशोत्सव पहिल्यांदाच निर्बंधांशिवाय होणार होता आणि त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. जुलैच्या सुरुवातीला वडखळजवळच्या एका गावातला तरुण आमच्याकडे पेटी घेऊन आला. लाकडी खोका, वर रेक्झिन, पुढे जाळीचं कापड, मागून उघडी. गिटारचा ॲम्प्लिफायर. त्याचे वडील सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पेण, रोहा, नागोठणे, अलिबाग, जिथं गणपतीत कार्यक्रम असेल तिथं एस.टी.च्या टपावर ही पेटी जायची. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगाही वाजवतो. त्याला यंदाच्या गणपतीत त्याच पेटीवर वाजवायचं होतं. पण पेटी चालू केली की घरघर यायची आणि पाचेक मिनिटांत आतला एक व्हॉल्व्ह लालभडक व्हायचा.

तो म्हणाला, "सर, एक जण म्हणतो दोन्ही व्हॉल्व्ह मोठे टाक, आवाज वाढेल. दुसरा म्हणतो आतलं सगळं काढून ट्रान्झिस्टरचं किट बसव. मला बाबांच्या वेळचा आवाज पायजे."

आम्ही काही मेकॅनिक नाही. रेडिओची हौस लहानपणापासूनची, एवढंच. म्हणून आम्ही पेणच्या आमच्या एका स्नेह्यांना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं रेडिओ आणि लाउडस्पीकरच्या दुरुस्तीचं काम केलंय. सगळे त्यांना काकाच म्हणतात, आम्हीही म्हणतो. पुढचं हातांचं काम सगळं काकांचं. आमचं काम प्रश्न विचारण्याचं.

आता ही पेटी आली कुठून? तिच्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. मुंबईतल्या कुणा कारागिराने ऑर्डरप्रमाणे बनवलेली होती. त्या काळी हे अगदी सर्रास चालायचं. परदेशी ॲम्प्लिफायर आणायचा तर आयातीचा परवाना आणि भरमसाट जकात आड यायची. लाउडस्पीकरची देशी यंत्रं होती. दिल्लीच्या आहुजांचा कारखाना १९४० पासूनचा. पण ती यंत्रं भाषणासाठी, कर्ण्यासाठी. गिटारसाठी हवं ते मुंबईत बनवून घ्यायचं. सुटा माल लॅमिंग्टन रोडला मिळायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं सामान विक्रीला निघालं, त्याला बाजारात 'डिस्पोजल' म्हणत. त्यात व्हॉल्व्हही असत. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि देशी माल हाती येऊ लागला. आमच्या पेटीतले पुढचे दोन छोटे व्हॉल्व्ह त्याच कारखान्याचे होते, ईसीसी८३. पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत. छोटे व्हॉल्व्ह टिकतात, कारण त्यांच्यावर ओझं कमी असतं. झिजतात ते शेवटचे दोन मोठे. स्पीकर हलवायची ताकद तेच देतात. त्यांना आउटपुट व्हॉल्व्ह म्हणतात. आपला प्रश्न त्यांचाच आहे.

थोडं मागे जाऊ. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत कॅथोड तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन भाराच्या प्लेटकडे जातात. १९०४ मध्ये लंडनला फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. त्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून व्हॉल्व्ह हे नाव, पाण्याच्या झडपेवरून आलेलं. १९०६ च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तारेची जाळी घातली, ती ग्रिड. जाळीवर बारीकसा व्होल्टेज बदलला की प्लेटकडचा मोठा प्रवाह बदलतो. लहान हाताने मोठं दार उघडण्याची ही युक्ती. ध्वनी मोठा करण्याचं विसाव्या शतकातलं सगळं शास्त्र या युक्तीवर उभं आहे. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं ते व्हॉल्व्हवर. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलला तो व्हॉल्व्हवर. लाखाच्या सभेत वक्त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला तोही व्हॉल्व्हमुळेच. लोकमान्यांनी १८९३ मध्ये सार्वजनिक उत्सवाला जोर दिला तेव्हा वक्त्याला स्वतःच्या छातीवरच भागवावं लागत होतं. पुढच्या पन्नास वर्षांत उत्सवाचं रूप बदललं, त्यात या काचेच्या नळीचा वाटा मोठा आहे.

ताकदीचे व्हॉल्व्ह दोन घराण्यांत वाढले. हॉलंडच्या फिलिप्समध्ये टेलेगेनने १९२६ मध्ये तीन जाळ्यांचा व्हॉल्व्ह शोधला, तो पेंटोड. पेटंट फिलिप्सकडे. मग इतरांनी तिसरी जाळी टाळून, इलेक्ट्रॉनांचे झोत घडवून तेच काम साधलं, तो बीम टेट्रोड. अमेरिकेच्या आरसीएने १९३६ मध्ये ६एल६ बाजारात आणला, तो या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष. पहिल्या घराण्यात फिलिप्सने पुढे ईएल३४ आणला. गिटारच्या ॲम्प्लिफायरांचा निम्म्याहून अधिक इतिहास या दोन नावांत मावतो.

आता ही नावं. आम्ही जन्मभर शब्दांचे अर्थ लावत आलो, म्हणून हे फार आवडतं. युरोपातलं नाव हे नाव कमी आणि वाक्य जास्त असतं. ईएल३४ मधला 'ई' सांगतो की हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. 'एल' म्हणजे ताकदीचा पेंटोड. '३' म्हणजे आठ पायांचा ऑक्टल बेस. ईएल८४ मधला '८' म्हणजे नऊ बारीक पायांचा छोटा बेस. ईसीसी८३ मध्ये 'सी' दोनदा आला, म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. अमेरिकन नावात पहिला आकडा हीटरच्या व्होल्टेजचा. ६एल६ मधला ६ म्हणजे तेच ६.३. आणि एकाच वस्तूला दोन्हीकडे वेगळं नाव असतं. ईएल३४ ला अमेरिकेत ६सीए७ म्हणतात, ईएल८४ ला ६बीक्यू५. म्हणजे नाव वेगळं आणि वस्तू एक असं होतं. मात्र उलटंही होतं. सॉकेट एक, हीटरचा व्होल्टेज एक, आणि वस्तू अगदी वेगळी. आपल्या पेटीत हेच झालं होतं.

काकांनी पेटी उघडली. दोन आउटपुट व्हॉल्व्ह, दोन वेगळ्या चेहऱ्यांचे. एक सरळ, उभट, अक्षरं पुसलेली. त्याच्या काचेच्या आत जो रुपेरी डाग असतो तो पांढरा पडलेला. हा डाग म्हणजे उरलीसुरली हवा शोषून घेणाऱ्या बेरियमचा थर. तो पांढरा झाला म्हणजे आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. दुसरा खांदे असलेला, जुन्या बाटलीसारखा. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, ६एल६जी. हाच लाल होणारा. कुणीतरी पूर्वी, गरजेच्या वेळी, सॉकेटमध्ये बसतोय म्हणून बसवलेला. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असेल, हाताशी तेवढंच असेल.

इथं आमच्यापुढचा प्रश्न तुमच्या लक्षात यावा. दोन साक्षीदार आहेत. एकाचं नाव पुसलंय, दुसऱ्याचं नाव ठळक आहे. बनवणाऱ्याने पेटी नक्की कुणासाठी बांधली होती? ६एल६ साठी की दुसऱ्या कुणासाठी? कारण बदली घ्यायची ती मूळ हेतूशी जुळली पाहिजे. ठळक नावावर विसंबून दोन नवे ६एल६ आणले असते, तर चुकीच्या साक्षीवर निकाल दिल्यासारखं झालं असतं. इतिहासात असं फार होतं. शिलालेखावर ज्याचं नाव मोठं, देऊळ त्याचंच असं धरलं जातं. बऱ्याचदा तो जीर्णोद्धार करणारा असतो.

मग काकांनी पेटीलाच विचारायला सुरुवात केली. एक सावधगिरी सांगून ठेवतो, ऐकणाऱ्यांत कुणी हौशी असेल. व्हॉल्व्हचं यंत्र बंद करून प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात. ते जीवघेणे असतात. काकांनी आधी रेझिस्टर लावून ते उतरवले, मीटरने खात्री केली आणि मगच हात घातला.

पहिली साक्ष सॉकेटची. ईएल३४ मध्ये तिसरी जाळी पहिल्या पायाला आणून सोडलेली असते. ती बाहेरून आठव्या पायाला, म्हणजे कॅथोडला, जोडावीच लागते. ६एल६जी मध्ये पहिला पाय रिकामा. आमच्या पेटीत दोन्ही सॉकेटांवर पहिला आणि आठवा पाय तारेने जोडलेले होते आणि डाग जुने, मूळ कारागिराच्याच हातचे. ज्याच्या मनात ईएल३४ नाही तो ही तार घालायचे कष्ट घेणार नाही. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. कित्येक अमेरिकन ॲम्प्लिफायरांत रिकामा पहिला पाय रेझिस्टर अडकवायला खुंटीसारखा वापरलेला असतो. तिथं न बघता ईएल३४ घातला तर तिसरी जाळी भलत्याच ठिकाणी जोडली जाते.

दुसरी साक्ष हीटरच्या प्रवाहाची. व्होल्टेज सगळ्यांचा ६.३, पण भूक वेगळी. एक ६एल६ ०.९ अँपिअर घेतो. ईएल३४ घेतो १.५. आणि 'मोठे टाक' म्हणणाऱ्याच्या डोक्यात जो केटी८८ होता तो घेतो १.६. आमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या कागदावर शाईने लिहिलेलं होतं, '६.३ – ४ अँ.'. दोन ईएल३४ चे ३ आणि दोन ईसीसी८३ चे ०.६, एकूण ३.६. चारात बसतात आणि थोडी मोकळीकही राहते. फक्त दोन ६एल६ साठी इतकं तांबं कुणी गुंडाळलं नसतं.

तिसरी साक्ष सगळ्यात पक्की, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हला स्पीकर थेट जोडता येत नाही. मध्ये हा ट्रान्सफॉर्मर दुभाष्यासारखा बसतो, आणि कुठल्या व्हॉल्व्हशी बोलायचं हे त्याच्या वेढ्यांच्या गुणोत्तरात ठरलेलं असतं. काकांनी पेटी बंद ठेवून, स्पीकरच्या ८ ओहमच्या टोकांना बाहेरून एक व्होल्ट एसी दिला आणि पलीकडे मोजला. मीटरने २१ दाखवले. एकवीसचा वर्ग ४४१, गुणिले ८, म्हणजे ३५२८. सुमारे साडेतीन हजार ओहम. या ताकदीच्या जोडीसाठी ईएल३४ च्या तक्त्यात जवळपास हाच आकडा दिलेला असतो. ६एल६जीसी च्या तक्त्यात ४५० व्होल्टला ५६०० आहे. तीन साक्षी, एकमेकींशी संबंध नसलेल्या, एकच सांगत होत्या. पेटी ईएल३४ ची. नाव पुसलेला साक्षीदारच खरा निघाला.

आता लाल का होत होता तेही उलगडलं. व्हॉल्व्हच्या ग्रिडवर स्थिर ऋण व्होल्टेज ठेवावा लागतो, त्याला बायस म्हणतात. तो लगाम. या पेटीत लगाम होता उणे ३६ व्होल्टचा, ईएल३४ ला शोभणारा. ६एल६ जातीला या प्लेट व्होल्टेजला त्याहून बराच जास्त लगाम लागतो. काकांनी काही सेकंदांपुरतं चालू करून मोजलं. प्लेटवर ४३० व्होल्ट, आणि त्या ६एल६जी मधून ५५ मिलिअँपिअर. गुणाकार केला तर जवळजवळ २४ वॅट. त्या व्हॉल्व्हची सहनशक्ती १९ वॅट आणि प्लेटची मर्यादा ३६० व्होल्ट. बिचारा दोन्ही बाजूंनी जळत होता. आणि घरघर? हे दोन व्हॉल्व्ह रस्सीखेच खेळतात, एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. दोघांची ताकद सारखी असेल तर वीजपुरवठ्याची घरघर मधल्यामध्ये जिरून जाते. एक मेलेला आणि एक तापलेला, म्हटल्यावर कशी जिरणार?

मुलाला आम्ही एकच सांगितलं. व्हॉल्व्ह जळाला तर दुसरा आणता येईल. पण असा आणखी थोडा काळ चालला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असता. तो हाताने गुंडाळलेला, त्या एका पेटीपुरता. बाबांच्या आवाजातला जो भाग खरंच या पेटीत शिल्लक असेल तो तिथं आहे. तो जपायचा, म्हणून बदली नीट निवडायची.

मग निवड. इथं आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. आमच्या मनात आलं, जुन्या पेटीला जुनाच व्हॉल्व्ह हवा. एका नामवंत इंग्रज कंपनीची छाप असलेली, 'न वापरलेली जुनी जोडी' आम्ही एका विक्रेत्याकडून मागवली. किंमत सांगत नाही, घरी अजून बोलणी खातो. जोडी आली. काकांनी ओल्या अंगठ्याने छाप पुसली, ती निघून आली. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, जुन्या खऱ्या छापाही पुसल्या जातात. पण फिलिप्सच्या घराण्यातल्या व्हॉल्व्हांच्या काचेवर, खाली, बारीक सांकेतिक अक्षरं असतात. ईएल३४ साठी 'एक्सएफ', आणि खालच्या ओळीत कारखान्याचं अक्षर, इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नसाठी 'बी'. इथं तसलं काही नव्हतं आणि आतल्या प्लेटची घडणही वेगळी होती. कुठल्या तरी दुसऱ्या देशातला सामान्य माल, नव्या छापेचा. शिवाय दोघांचा प्रवाह एकमेकांशी जुळत नव्हता. गेले पैसे.

यातही इतिहासाचा एक पेच आहे, बरं का. छाप बदललेली म्हणजे दर वेळी लबाडीच असं नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकमेकींकडून माल घेऊन त्यावर आपली छाप मारून विकत असत, अगदी राजरोस. म्हणून छाप फार तर विकणाऱ्याचा पत्ता सांगते. जन्म कुठला, हे आतली घडण सांगते. आणि तुमच्या यंत्राला काय हवं ते फक्त मोजमाप सांगतं.

मग उरला नवा माल. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि पश्चिमेतले कारखाने एकेक करून बंद पडत गेले. आज ताकदीचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनतात ते मुख्यतः तीन देशांत. रशियात सारातोवला, स्लोव्हाकियात चाद्सा नावाच्या गावी जेजे कंपनीत, आणि चीनमध्ये. गिटारवाल्यांनी व्हॉल्व्हचा हट्ट सोडला नाही, म्हणून हे कारखाने तगले. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, रशियाने निर्यातीवर बंधनं घातली आणि जगभरच्या गिटारवाल्यांची पळापळ झाली. पुढे ती बंधनं सैल झाली, पण त्या पावसाळ्यात भाव चढलेलेच होते. म्हणजे पाहा, वडखळच्या एका घरातली पेटी गणपतीत वाजणार की नाही, हे काही अंशी तिकडच्या युद्धावर अवलंबून होतं. मात्र हे आजचंच आहे असं समजू नका.

इंग्लंडातली एक गोष्ट सांगतो. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात एक ॲम्प्लिफायर तयार झाला. नमुना होता अमेरिकन फेंडर कंपनीचा बासमन. बासमनमध्ये ६एल६ च्या घराण्यातला ५८८१ होता, म्हणून मार्शलच्या पहिल्या पेट्यांतही तोच. पण तो अमेरिकेतून आणायचा. मग इंग्लंडात बनणारा केटी६६ आला. मग, १९६० च्या दशकाच्या मध्यावर, ईएल३४. आज जगभर ज्याला 'मार्शलचा आवाज' म्हणतात तो या ईएल३४ चा. म्हणजे ज्याला लोक अस्सल मानतात तोसुद्धा बदली म्हणून आलेला! पुढे अमेरिकेत विकायला पाठवलेल्या मार्शलमध्ये तिथल्या वितरकांनी ईएल३४ च्या जागी ६५५० घातले, कारण ते जास्त दणकट. तिकडच्या कित्येक वादकांना तोच आवाज अस्सल वाटतो.

आमच्या मुंबईच्या अनाम कारागिराने वेगळं काय केलं? त्यानेही बाजारात काय मिळतंय ते पाहिलं, त्यातून निवड केली आणि त्या निवडीभोवती ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, बायस ठरवला, सॉकेटला तार घातली. तिथं त्याने एक करार केला. पेटीचं अस्सलपण त्या करारात आहे. काचेवरच्या छापेत नाही.

तर आम्ही निवडलं ते असं. ईएल३४ च घ्यायचे, केटी८८ नाही. मोठा व्हॉल्व्ह घातला म्हणून वीजपुरवठा मोठा होत नाही आणि ट्रान्सफॉर्मरही जाड होत नाही. आवाज काही वाढला नसता, हीटरचं ओझं मात्र चारच्या कडेला गेलं असतं. नवे घ्यायचे, स्लोव्हाकियाचे, कारखान्याबाहेर मोजून जुळवलेली जोडी. पत्र्याखाली काकांनी दोन बदल केले. पूर्वी बायस ठरावीक होता, तिथं फिरवता येईल असा कंट्रोल बसवला. आणि दोन्ही कॅथोडांखाली एक-एक ओहमचा रेझिस्टर, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर.

हिशेब साधा आहे. ईएल३४ ची सहनशक्ती २५ वॅट. शांत असताना तिच्या ७० टक्क्यांपर्यंत चालवावा असा दंडक आहे. म्हणजे १७.५ वॅट, भागिले ४३० व्होल्ट, सुमारे ४० मिलिअँपिअर. काकांनी ३५ वरच थांबवलं. आम्ही विचारलं, का? ते म्हणाले, "सर, हे मीटर दुपारचं बोलतंय. रात्री गावातली कामं थांबली की लाइट चढते. २३० चे २५० झाले की हीटरवर ६.३ चे ६.८ होतात, प्लेटचे पण वाढतात. आरती रात्रीची असते." पुस्तकातला दंडक आणि वडखळची रात्र, या दोहोंत काकांनी रात्रीचं ऐकलं. वर सगळ्या सॉकेटांच्या पकडी साफ करून घट्ट केल्या. धरमतरच्या खाडीची खारी हवा पितळेला काय करते ते त्यांनी जन्मभर पाहिलंय. कित्येक 'गेलेले' व्हॉल्व्ह गेलेले नसतात, सॉकेट गंजलेलं असतं.

पेटी वाजली. घरघर गेली. मुलाने गिटार लावली आणि वडील वाजवायचे ते एक सिनेमातलं गाणं काढलं. वाजवून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, चांगलं वाजतंय. पण बाबांचं थोडं वेगळं होतं."

यावर आम्ही काय बोलणार? आमच्या धंद्यातला एक जुना संवाद आहे. 'मिलिंदप्रश्ना'त भिक्षू नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या मेळाला आपण रथ म्हणतो. त्या आवाजाचंही तसंच आहे. तो व्हॉल्व्हमध्ये नव्हता, एकट्या ट्रान्सफॉर्मरमध्येही नव्हता. स्पीकरचा कागद तेव्हा नवा होता, आता पन्नास वर्षांचा आहे. बोटं वेगळी होती. मंडप वेगळा होता. ऐकणारा मुलगा लहान होता. यातला एक भाग आम्ही नीट बदलला. बाकीचे आमच्या हातात नव्हते.

पण म्हणून सगळं सारखंच, काहीही बसवलं तरी चालतं, असा निष्कर्ष काढू नका. पेणला जाऊन पाहा. गणपतीच्या कारखान्यात साचा तोच असतो, माती दर वर्षी नवी. तरी जाणकार माणूस डोळ्यांची आखणी बघून सांगतो की हे कुणाच्या हातचं. साचा चुकला तर मूर्ती उभी राहत नाही. साचा जुळला तर पुढे हाताचा प्रश्न येतो. व्हॉल्व्हमध्ये साचा म्हणजे पाय, हीटर, व्होल्टेज, बायस, ट्रान्सफॉर्मर. तिथं तडजोड नाही. त्यापुढे कारखान्या-कारखान्यातला फरक, तो हाताचा फरक. तो असतो, कानाला कळतो, पण त्याच्यासाठी कर्ज काढू नये. आधी साचा पाहावा.

जुन्या गोष्टी जपण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, काही बदलू नका. मग ती वस्तू कपाटात जाते आणि मुकी होते. दुसरा म्हणतो, खोका ठेवा, आतलं नवं भरा. मग नाव राहतं आणि वस्तू जाते. या पेटीने आम्हाला तिसरं शिकवलं. झिजायचं ते झिजू द्यावं. बनवणाऱ्याने काय ठरवून ठेवलंय ते वाचावं आणि त्याला मान देऊन बदलावं. आणि काय बदललं ते लिहून ठेवावं. हे शेवटचं आपण फार क्वचित करतो. त्या ६एल६जी वाल्याने एक चिठ्ठी आत टाकली असती, 'कामचलाऊ बसवलाय, मूळ ईएल३४ होते', तर आमचा महिना वाचला असता.

म्हणून काकांनी खोक्याच्या आतल्या फळीवर एक कागद चिकटवला. तारीख, व्हॉल्व्हची जात, प्लेटवर ४३०, प्रत्येकी ३५, कंट्रोल कुठं बसवला, एक ओहमचे रेझिस्टर कुठं आहेत. मेलेला जुना ईएल३४ कापसात गुंडाळून खोक्यातच ठेवलाय, वर चिठ्ठी लावून. ज्याला कधी पाहायचं असेल त्याने पाहावं.

त्या वर्षी गणपतीत पेटी पाच रात्री वाजली. आता तो मुलगा दर वर्षी चतुर्थीच्या आधी काकांकडे येतो, दोघं मीटर लावतात आणि कागदावर एक ओळ वाढते. मागच्या खेपेला एका व्हॉल्व्हचे ३५ आणि दुसऱ्याचे ३३ होते. काका म्हणाले, चालेल, पण पुढच्या वर्षी बघू.

असो. वेळ झाली. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि कुणाच्या घरी माळ्यावर असली एखादी पेटी असेल, तर कृपा करून आज रात्री लगेच प्लग लावू नका. आधी कुणा जाणत्याला दाखवा.